प्लांटचं नेट रोज संध्याकाळी का झोपतं? हायवे साईटवरच्या एका चिवट तक्रारीचा माग

आधी तक्रार सांगतो. विदर्भातलं चौपदरी काँक्रीट हायवेचं एक पॅकेज. बेस कॅम्पपासून ४.२ किलोमीटरवर बॅचिंग प्लांट (काँक्रीट तिथे बनतं), मध्ये नुसती शेतं, जमीन जवळजवळ सपाट. कॅम्पवरच्या १८ मीटरच्या टॉवरवरून प्लांटच्या १२ मीटरच्या पोलवर ५ गिगाहर्ट्झची रेडिओ लिंक. मार्च संपता संपता रोज संध्याकाळी साडेपाच ते नऊच्या मध्ये प्लांटचं नेट जायला लागलं. एकदाच जाऊन बसलं असतं तर बरं. ते यायचं, जायचं, दोन मिनिटं टिकायचं, परत जायचं. वजनकाट्याची नोंद कॅम्पच्या सर्व्हरवर पोचायची नाही, टिप्परची रांग गेटबाहेर यायची आणि काट्यावरचा पोरगा हाताने पावत्या फाडत बसायचा. मी सकाळी आठला पोचायचो तेव्हा सगळं ठणठणीत.

"साहेब, सकाळी येऊन काय पाहता? संध्याकाळी या ना जी," प्लांट ऑपरेटर म्हणाला. मी हसून सोडून दिलं. ते हसणं मला तीन आठवड्यांना पडलं.

हेड ऑफिसला वाटतं साईटवर नेट म्हणजे मेल आणि हजेरी. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने २०२० मध्ये प्रकल्पांचा कारभार डेटा लेक पोर्टलवर नेला, २०२१ पासून दर महिन्याला ड्रोनचं चित्रीकरणही तिथेच चढवावं लागतं. आरएफआय (कामाच्या तपासणीची विनंती) ऑनलाइन, बिल ऑनलाइन, स्टोअरमधून डिझेल काढायचं तर ईआरपीत, म्हणजे कंपनीच्या कारभाराच्या सॉफ्टवेअरमध्ये, एंट्री. सर्व्हेअरच्या रोव्हरला (जागा मोजायच्या यंत्राला) जीपीएसचं करेक्शन नेटवरूनच मिळतं. म्हणजे लिंक पडली की सिमेंटचा बल्कर उभा, सर्व्हेअर उभा, आणि सगळ्यांचा फोन एकाच माणसाला, साईटच्या आयटीवाल्याला, म्हणजे मला. त्या माणसाकडे प्रिंटरची शाई, गेस्ट हाऊसचा टीव्ही आणि प्रोजेक्ट मॅनेजर साहेबांच्या मुलीचा ऑनलाइन क्लासही असतो, ते वेगळंच.

चुकीच्या वाटा

पहिल्या आठवड्यात मी रेडिओ बदलला. दुसऱ्या आठवड्यात चॅनेल बदलत बसलो. ५ गिगाहर्ट्झचा बराचसा पट्टा आपल्याकडे २०१८ पासून परवान्याशिवाय वापरता येतो. त्यामुळे शेजारचं कॉलेज, गावातला केबलवाला, आपलीच दुसरी लिंक, सगळे त्याच हवेत बोलत असतात. शंका घ्यायला जागा होती. चॅनेल बदलला की एखादा दिवस बरं चाललंय असं वाटायचं, मग पुन्हा तेच.

तिसरी चूक सांगायला लाज वाटते. संध्याकाळची वेळ, त्यामुळे "लेबर कॅम्पमधली पोरं व्हिडिओ बघतात म्हणून लोड येतो" असं सगळ्यांचं एकमत झालं. मी लेबर कॅम्पच्या वायफायवर व्हिडिओ बंद केले, त्यात व्हिडिओ कॉलही गेले. झारखंड-बिहारची पोरं. दिवसभर राबल्यावर घरच्यांचं तोंड बघायची तेवढीच वेळ. चार दिवस ती माझ्याकडे नुसती बघत होती, बोलत कोणी नव्हतं. नेट मात्र साडेपाचला जायचं ते जातच राहिलं. पाचव्या दिवशी मी गुपचूप सगळं चालू केलं.

या तिन्हींत एक खोट समान होती: मोजण्याआधी मी बदलत होतो.

दोन घड्याळं बघा

कुठल्याही रेडिओच्या सेटिंगच्या पानावर दोन वेळा दिसतात. एक, यंत्र किती वेळ चालू आहे. दुसरी, समोरच्या रेडिओशी लिंक किती वेळ जुळलेली आहे. निम्मं निदान तिथेच होतं. यंत्राचंच घड्याळ शून्यावर आलं असेल तर वीज गेली होती, हवेकडे बघूच नका. यंत्र बारा दिवस चालू आणि लिंक मात्र सहा मिनिटांची, तर वीज नीट आहे, मधल्या हवेत काहीतरी घडतंय. आमच्याकडे दुसरी गोष्ट होती. हे मी पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं, पण पहिल्या दिवशी मी खोक्यातून नवा रेडिओ काढण्यात मग्न होतो.

मग पिंग लावला, म्हणजे यंत्राला सतत हाक मारून उत्तर येतं का ते बघणं, पण एकाच ठिकाणी लावून उपयोग नसतो. कॅम्पच्या एका जुन्या लॅपटॉपवर चार खिडक्या उघड्या ठेवल्या: कॅम्पचा राउटर, कॅम्पचा रेडिओ, प्लांटचा रेडिओ, प्लांटमधला वजनकाट्याचा संगणक. प्रत्येक ओळीला वेळेचा शिक्का, सगळं फाइलमध्ये. पहिल्या दोन खिडक्या शांत, तिसरीपासून पुढे गळती, म्हणजे दुखणं दोन रेडिओंच्या मधलं. तिसरी शांत आणि चौथी बोंबलतेय असं असतं तर प्लांटमधली वायर, स्विच किंवा संगणक. सोबत सिग्नलची नोंद दर मिनिटाला. हे तीन दिवस चालू ठेवलं, काहीही न बदलता. तोच सगळ्यात अवघड भाग, कारण रोज संध्याकाळी फोन येतात आणि "बघतोय" म्हणण्यापलीकडे हातात काही नसतं.

तीन दिवसांच्या नोंदीत पहाटे सिग्नल उणे ५५ डीबीएम (उण्यापुढचा आकडा जितका मोठा, तितका सिग्नल कमजोर). दुपारनंतर हळूहळू उणे ५९, ६०. साडेपाचनंतर एकदम उणे ७४ पर्यंत खाली, मिनिटाभरात परत उणे ६१, पुन्हा उणे ७३. नॉईज, म्हणजे हवेतला बाकीचा गोंगाट, मात्र जागचा हलला नाही, उणे ८६ च्या आसपास. बाहेरून कोणाचा त्रास असता तर नॉईज वर आला असता. इथे आपलाच आवाज कोणीतरी तोंडावर हात ठेवून दाबावा तसा दबत होता.

चौदा एप्रिल

डॉ. आंबेडकर जयंतीला साईट बंद होती. लेबर कॅम्प भरलेला, सुट्टी असल्याने झाडून सगळे मोबाइलवर. लोडचा सिद्धांत खरा असता तर त्या संध्याकाळी लिंक मरायला हवी होती. ती एकदाही पडली नाही. सिग्नल रात्रभर उणे ५५.

दुसऱ्या दिवशी मी प्लॅनिंगवाल्याकडे गेलो आणि महिन्याभराचे डीपीआर मागितले. आयटीवाल्याला डीपीआर कशाला हवेत म्हणून तो माझ्याकडे बघतच राहिला. डेली प्रोग्रेस रिपोर्टमध्ये कुठे किती काँक्रीट पडलं, किती खडी आली, कुठलं मशीन कुठे होतं, सगळं असतं. माझ्या नोंदीतल्या पडझडीच्या वेळा मी त्याच्याशेजारी लिहून काढल्या. लिंक न पडलेले दिवस दोनच: १४ एप्रिल, आणि त्याच्या आधीचा क्रशर बंद पडलेला एक दिवस. दोन्ही दिवशी खडीची आवक शून्य.

आणि मार्चअखेरच का सुरू झालं, तेही त्याच कागदांत होतं. उन्हाळा चढला की काँक्रीटचं तापमान ३० अंशांच्या आत ठेवायला बर्फ टाकावा लागतो आणि तरीही दिवसा जमत नाही, म्हणून पीक्यूसीचं, म्हणजे रस्त्याच्या वरच्या काँक्रीट थराचं, काम रात्री सुरू करतात. आमच्याकडे ते मार्चच्या शेवटच्या आठवड्यात रात्रपाळीवर गेलं. त्याआधी खडी यायची आणि दिवसाच वापरली जायची. आता क्रशर दिवसभर खडी पाठवणार, ती साठणार, आणि रात्री आठनंतर प्लांट ती खाणार. ढीग संध्याकाळी सगळ्यात उंच, पहाटे सगळ्यात बुटका.

खडीचा ढीग

त्या संध्याकाळी पाच वाजता मी शेवटी प्लांटवर गेलो. पोलखाली उभं राहून कॅम्पच्या दिशेने बघितलं. चारशे मीटरवर २० मिमी खडीचा ढीग, आणि ढिगाच्या माथ्यावर चढून पोकलेन टिप्परने टाकलेली खडी वर ओढत होता. बूम वर जायचा, खाली यायचा. खिशातला मोबाइल काढून रेडिओचं पान उघडलं. बूम वर, सिग्नल उणे ७३. बूम खाली, उणे ६२. दहा मिनिटं मी नुसता तेच बघत उभा होतो. ऑपरेटर शेजारी येऊन म्हणाला, "म्हटलं होतं ना जी, संध्याकाळी या."

ढीग लिंकच्या सरळ रेषेला शिवतही नव्हता. त्यामुळे जानेवारीत लिंक लावली तेव्हा दुर्बिणीतून समोरचा टॉवर दिसत होता आणि आता ढीग असूनही दिसत होता. पण रेडिओ लहरींना डोळ्याइतकी अरुंद वाट पुरत नाही. दोन अँटेनांच्या मध्ये दोडक्यासारखा लांबट, मध्ये फुगलेला पट्टा मोकळा लागतो, त्याला फ्रेनेल झोन म्हणतात. हिशोब अवघड नाही: अडथळ्यापासून दोन्ही टोकांची अंतरं किलोमीटरमध्ये घेऊन एकमेकांनी गुणा, मग गिगाहर्ट्झमधली फ्रिक्वेन्सी आणि एकूण अंतर यांच्या गुणाकाराने भागा, वर्गमूळ काढा, १७.३ ने गुणा. उत्तर मीटरमध्ये, म्हणजे त्या जागी दोडक्याची त्रिज्या. आमच्याकडे ३.८ आणि ०.४ किलोमीटर, ५.८ गिगाहर्ट्झ, एकूण ४.२. उत्तर सुमारे ४.३ मीटर. त्यातला ६० टक्के भाग मोकळा असला तर चालतं, म्हणजे रेषेखाली किमान २.६ मीटर. बरोबर मध्यावर अडथळा असता तर त्रिज्या ७.४ मीटर आली असती.

आता ढीग मोजायचा. सर्व्हेअर दोस्ताला चहा पाजला. त्याने टोटल स्टेशन लावून ढिगाचा माथा संध्याकाळी सहाला आणि पहाटे सहाला, असा दोनदा मोजून दिला. संध्याकाळी ११.४ मीटर, पहाटे ८.५. लिंकची रेषा त्या जागी जमिनीपासून १२.६ मीटरवर. पहाटे चार मीटर मोकळे, काही अडचण नाही. संध्याकाळी उरले सव्वा मीटर, आणि त्यावर तीन मीटर उंचीचं पोकलेन उभं राहिलं की रेषाच कापली गेली. कोड्याचा एकही तुकडा शिल्लक राहिला नाही.

उपाय काय केला? पहिला विचार पोल उंच करायचा. पण ढीगही उंच होणार हे ठरलेलं, आणि पोकलेनचा बूम कुठवर जाईल याचा भरवसा नाही. दुसरा विचार सिमेंटच्या सायलोवर रेडिओ बसवायचा. ते अजिबात करू नका. बल्कर सिमेंट फुंकायला लागला की सायलो थरथरतो, डिशचं तोंड हळूहळू फिरतं आणि वर सिमेंटचा थर बसतो. आम्ही पोलच उचलून ६० मीटर पूर्वेला, वजनकाट्याच्या केबिनमागे नेला. ढिगाजवळ रेषा त्याने ५४ मीटर सरकली, ढिगाचा पायथा पूर्ण टळला. मग प्लांट इन्चार्जला सोबत घेऊन जमिनीवर चुन्याची पट्टी मारली, वीस मीटर रुंद, आणि त्याला सांगितलं की हिच्यावर खडी नको. त्याने विचारलं, "हवेतल्या नेटसाठी जमिनीवर चुना?" मी म्हटलं, हो. पावसाने चुना गेला की परत मारावा लागतो, तो मी महिन्याच्या कामांच्या यादीत टाकलाय. सिग्नल आता चोवीस तास उणे ५४-५५.

तक्रार तीच, कारण वेगळं

"नेट गेलं" या दोन शब्दांत दहा आजार असतात. वर सांगितलेल्या दोन घड्याळांवरून वीज गेलेली दिसली तर पुढचं बघा.

प्लांट जनरेटरवर चालतो आणि मिक्सरच्या मोटरी सुरू होताना व्होल्टेज आपटतं. दिवा जरासा मिचकावतो एवढंच दिसतं, पण रेडिओचा स्वस्त अडॅप्टर त्यात रीस्टार्ट होतो आणि रेडिओ परत उभा राहायला दोन मिनिटं घेतो. लोक म्हणतात यूपीएस लावा. लावा, पण कुठला ते बघा. साधा ऑफलाइन यूपीएस जनरेटरच्या हेलकावणाऱ्या फ्रिक्वेन्सीला वीजच मानत नाही. तो बॅटरीवर जातो, तिथेच बसतो, चार्ज होतच नाही आणि तासाभराने मरतो. मग सगळे म्हणतात बॅटरी खराब. आम्ही दोनदा बॅटऱ्या बदलल्यावर हे कळलं. ऑनलाइन यूपीएस, किंवा त्याहून सोपं म्हणजे चार्जर, २४ व्होल्टची बॅटरी आणि रेडिओला थेट डीसी. माझा कौल दुसऱ्याला. बिघडायला त्यात फारसं काही नाही.

पहिल्या वळवाच्या पावसात पोर्ट जळतात, त्याचं कारण बहुतेक वेळा वीज पडणं नसतं. दोन कंटेनर ऑफिसांमध्ये कॉपर केबल ओढलेली असते आणि दोघांचं अर्थिंग वेगळं. आपली काळी माती मे महिन्यात हात जाईल इतकी भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि रोध वाढतो. खड्ड्यात पाणी घालायची जबाबदारी कोणाचीच नसते, ती माळ्याला देऊन टाका. आणि दोन इमारतींमध्ये कॉपर काढून फायबर टाका, अंतर वीस मीटर असलं तरी.

एखाद्या ऑफिसातले निम्मे संगणक चालतात, निम्मे नाही, आणि रोज वेगळे निम्मे? कोणीतरी घरचा वायफाय राउटर आणून भिंतीतल्या पॉइंटला लावलाय आणि तो संगणकांना स्वतःचे आयपी पत्ते वाटतोय. बिघडलेल्या संगणकाचा आयपी बघा. आमचे पत्ते १० ने सुरू होतात, तो १९२.१६८ दाखवत असेल तर चोर सापडला. स्विचमध्ये डीएचसीपी स्नूपिंग (परक्याला पत्ते वाटू न देणारी सेटिंग) चालू केलं की हा आजार कायमचा जातो. क्यूसी लॅबमध्ये तर ऑफिस बॉयने केबल लोंबकळते म्हणून तिचं मोकळं टोक त्याच स्विचमध्ये नीट खोचून ठेवलं होतं. सगळा कॅम्प बसला. पोराचा दोष नव्हता, केबलचा असा वेढा, म्हणजे लूप, ओळखणारी सेटिंग मी बंद ठेवली होती.

एक प्रकार मात्र भल्याभल्यांना चकवतो: पिंग जातोय, मेल येतोय, आणि ईआरपीचं लॉगिन झाल्यावर पान पांढरं. फायबर तुटून लाइन ४जी वर गेली की हमखास. व्हीपीएनचं (ऑफिसशी जोडणाऱ्या सुरक्षित वाटेचं) वेष्टण चढल्यावर डेटाचं पाकीट मोठं होतं आणि वाटेत कुठेतरी मुकाट्याने टाकून दिलं जातं. छोटी पाकिटं जातात म्हणून पिंग हसत असतो. तुकडे न करण्याची अट घालून पिंगचा आकार १४७२ बाइटपासून खाली आणत जा. आमच्याकडे १३७२ ला उत्तर आलं. त्यात पाकिटावरच्या शिक्क्यांचे २८ मिळवले की एमटीयू, म्हणजे पाकिटाचा जास्तीत जास्त आकार, १४००. त्यातून शिक्क्यांचे ४० वजा केले की राउटरवर टीसीपी एमएसएस, म्हणजे आतल्या मजकुराची मर्यादा, १३६०. एक ओळ लिहिली, पान उघडलं. अकाउंट्सच्या मॅडमनी त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे बघून मान हलवली.

महिनाअखेरीला दुपारी सगळंच मंद झालं तर ड्रोनवाला शोधा. तो व्हिडिओ चढवत असतो. अपलोडला मर्यादा घाला किंवा त्याला रात्री अकरानंतरची वेळ द्या.

क्रशरच्या बाजूला जाताना एक ध्यानात असू द्या. खाणीत विजेवर उडणारे डिटोनेटर वापरत असतील तर ब्लास्टिंगवाल्याला विचारल्याशिवाय तिथे रेडिओ लावू नका, वॉकीटॉकीही नको. यात लिंक किती वेळ बंद राहिली हा प्रश्नच येत नाही.

हे सगळं एका पॅकेजचं. समृद्धी महामार्गासारखं ७०१ किलोमीटरचं काम १६ पॅकेजांत विभागलं होतं, म्हणजे असे सोळा कॅम्प आणि प्रत्येकाचे आपापले ढीग. इगतपुरीजवळच्या जवळपास आठ किलोमीटरच्या जुळ्या बोगद्यासारख्या जागी तर हवेतली लिंक विसराच, आत फायबर ओढण्यावाचून गत्यंतर नाही.

आमच्या क्रशरच्या लिंकवर अजून तक्रार नाही. पण पुढच्या मंगळवारी नदीवरच्या पुलाचे गर्डर चढवायला मोठी क्रेन येतेय आणि ती रेषा पुलावरूनच जाते. स्ट्रक्चर इंजिनिअरकडून क्रेन कुठे उभी राहणार आणि बूम किती मीटर वर जाणार ते आजच लिहून घेतलंय. तीन रात्री क्रशरला ४जी वर टाकणार आहे. एमएसएस आधीच १३६० करून ठेवला.